मोटरीच्या पाच वायरी

"चार जावा एका चुलीवर नांदवल्या मी. भांडत होत्या, पन कामाच्या वक्ती चौघी उभ्या राहत. अन हे पाहा, रोज एकजन रुसलेलाच!"

गुणाबाई मोटरीच्या बोनेटात डोकं घालून पुटपुटत होत्या. मी त्यांच्या कानाशी कंदील धरून उभी होते म्हणून ते मला ऐकू आलं. एरवी ते बोलणं मोटरीसाठी होतं, माझ्यासाठी नव्हतं.

रुसणारे म्हणजे इंजिनातले चार प्लग. तिघं चालत आणि चौथा बसून राही. त्यामुळे मोटर सुरू केली की लंगड्या माणसाने जिना चढावा तसा आवाज येई. मुखरू मिस्त्रीच्या भाषेत मोटर मिस मारत होती. मुखरू धानाच्या गिरणीवरचं इंजिन सांभाळायचा आणि ब्रह्मपुरीत दुसरा मिस्त्री नसल्यामुळे पहिलाही तोच होता.

"बाई, प्लगाचं काईच चुकलं नाई," तो म्हणाला. "त्याइले करंटच भेटून नाई राह्यला. वायरी गेल्या. कंदील बुजवा, दाखवतो."

मी कंदील विझवला. कोठ्याचं दार लावून घेतलं. बाहेर मे महिन्याची टळटळीत दुपार, आत गुरांचा कडबा आणि काळोख. मुखरूने समोरून हँडल मारलं. मोटर खोकली आणि तेवढ्यात त्या जुनाट वायरींवरून निळ्या ठिणग्या इकडून तिकडे उड्या मारताना दिसल्या.

"पाहा. जो करंट प्लगात जाऊन ठिनगी पाडाले पायजे, तो रस्त्यातच सांडून राह्यला."

"कुठी?" म्हणत गुणाबाईंनी बोट लावलं.

त्यानंतर त्या एकदम कडब्यावर बसलेल्या सापडल्या. कंदील लावून मी त्यांना उठवायला गेले, तर त्यांनी माझा हात झटकला आणि मोटरीकडे बोट रोखलं. "मले चावते? मले? तुह्या धन्याची माय हो मी!"

मोटर खरंच त्यांच्या मुलाची, दौलतची होती. जंगल खात्याचा एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना विकून गेला होता. लाल रंगाची, दोन शिटांची, पुढे लांबच लांब नाक आणि मागे आखूड बूड. साहेबाच्या देशात म्हणे ती शर्यतीत पळायची. आमच्याकडे तिच्यापुढे बैलबंड्या असत, त्यामुळे तिची हौस राहून गेली. वर टप नव्हता म्हणून गाव तिला बोडकी मोटर म्हणे. गुणाबाईंसमोर मात्र तसं कोणी म्हणत नसे. चार वर्षांपूर्वी, बावन्न साली, दौलत तापाने गेला. तेव्हापासून मोटर कोठ्यात उभी. कोंबड्यांनी शिटेवर अंडी घातली, उंदरांनी जे खाण्याजोगं होतं ते खाल्लं, आणि घरात गुणाबाई आणि त्यांची सून मनकर्णा अशा दोघीच राहिल्या.

त्यांच्या आणि माझ्या अंगणांच्या मध्ये बांबूचं कूड आहे. त्यामुळे त्या घरचं मला कोणी येऊन सांगावं लागत नाही.

मनकर्णाचा पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, ठरला होता. गडचिरोलीच्या शाळेतले सोमाजी मास्तर पूर्वी आमच्या गावात होते आणि मोठ्या माणसांचा साक्षरतेचा वर्ग घ्यायचे. मनकर्णा तिथेच वाचायला शिकली. मास्तर बिनबायकोचे, वय अडतीस. होळीनंतर एकदा सायकलवरून आले, गुणाबाईंसमोर ओट्यावर बसले, दोन वेळा पाणी प्याले आणि म्हणाले, "तुमची परवानगी असेल तर." कशाची, ते बोललेच नाहीत. गुणाबाई म्हणाल्या, "हाये." त्या मला नंतर सांगायच्या, "एवढंसं इचारात पडली असती ना कमळे, तं नाई म्हनली असती."

पण पाटाची आमच्याकडे एक रीत आहे. तो रात्री लागतो. बाईला मागच्या दाराने काढायचं, गावाबाहेर न्यायचं, कोणा सवाष्णीच्या नजरेला तिचं तोंड पडू द्यायचं नाही. लग्न असतं, पण चोरी केल्यासारखं. गुणाबाईंचे चुलतदीर नानाजी हे सगळं समजावून सांगायला आले, तेव्हा मी कुडाशी भाजी निवडत होते.

"वयनी, पाट दिवसा करते काय कोनी? तुमची सून दिवसाढवळ्या बाजारातून नेली तं सवाष्णी काय करन?"

"डोळे मिटन."

"अवो, पन त्याइले कसं मालूम पडन?"

"हार्न वाजवीन. हार्न वाजला का मिटा म्हनाव. माह्या घरून सून मागच्या दारानं जानार नाई, भाऊजी. समोरच्या दारानं जाईन, अन माह्या दौलतच्या मोटरीत बसून जाईन."

नानाजी असे उठून गेले की चहा तसाच राहिला. तो मी प्याले.

म्हणून ती मोटर चालणं भाग होतं. मुखरूने तीन आठवडे खपून ती उभी केली. टायर ठिगळ लावून, बॅटरी चांद्याहून, शीट आमच्या शिंप्याकडून. आता राहिल्या होत्या फक्त पाच वायरी: करंट देणाऱ्या कॉइलपासून तो वाटणाऱ्या काळ्या टोपीपर्यंत एक, आणि टोपीवरून चार प्लगांना चार. आणि दिवसही मोजकेच होते. ब्रह्मपुरीहून गडचिरोलीला जायला वैनगंगा ओलांडावी लागते. उन्हाळ्यात नदीच्या रेतीवर बांबूचे तट्टे टाकून वाट करतात, त्यावरून बंड्या, मोटरी जातात. यंदा सात जूनला ठेकेदार तट्टे उचलणार, अशी दवंडी झाली होती. तट्टे उचलले की दिवाळीनंतरपर्यंत डोंगा, आणि डोंग्यात मोटर बसत नाही.

"तं डोंग्यात बसून जाईन," असं कोणीही म्हणेल. गुणाबाईंसमोर कोणी म्हटलं नाही. मास्तर दिवाळीपर्यंत थांबायला तयार होते. मास्तरांची आई तयार नव्हती. सत्तरीची बाई, शाळा उघडायच्या आत घरात कोणी तरी हवं. नाही तर आरमोरीची भाची तिने पाहूनच ठेवली होती. आणि मास्तरांनी आईला आजवर कधी नाही म्हटलेलं नव्हतं.

म्हणजे पाच वायरींवर एक लग्न अडलं होतं.

*

मुखरूने गिरणीच्या कामाने नागपूरला जाणाऱ्या लच्छूला वायर आणायला सांगितलं. गुणाबाई मध्ये पडल्या.

"नमुने आन. हात-हात भराचे."

लच्छू म्हणाला, "वायरीचे नमुने? दुकानदार हासन मले."

"लुगडं घेताना पदर उलगडून पाहतो का नाई आपन? मंग? हे तं लुगड्याहून म्हाग हाये."

लच्छू छोट्या रेल्वेने गेला आणि तीन दिवसांनी तीन तुकडे घेऊन आला. दुकानदार खरंच हसला होता. एक काळी, जाड, नुसत्या रबराची. एक पिवळी, रबरावर सुताची वीण आणि वर चकाकी. आणि एक तांबडी, बारीक, दिसायला सगळ्यांत देखणी.

मुखरूने एकवार पाहिलं. "पिवळी. तांबडी तं बल्बाची वायर हाये, तिच्यातून हा करंट भसकन भाईर येईन. काळी चालन, पन पिवळी मजबूत. आनू पिवळी?"

"थांब ना गा. घाई काऊन करतं?"

गुणाबाईंनी तिन्ही तुकडे सुपात ठेवले आणि ओट्यावर बसल्या. एकेक हातात घेऊन पिळला. नखाने खरवडला. दाताखाली धरला. मग काळ्याचं टोक दिव्यावर धरून हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. "जुन्या चपलांचा वास येते." मुखरूनेही हुंगलं आणि त्याचा चेहरा बदलला. रबरात जुनं रबर वितळवून घातलं होतं; त्याला ते नुसतं पाहून कळलं नव्हतं.

"बाई, तुमी तं उस्ताद निंगाल्या."

तेवढं म्हणायला नको होतं. त्या दिवसापासून गुणाबाई वायरींतल्या जाणकार झाल्या.

गल्लीतल्या बाया पाहायला येऊ लागल्या. सोनीबाईला तांबडी आवडली, मोटर लाल म्हणून. कोणी म्हणालं पिवळी हळदीसारखी, शुभ. बोनेटाच्या आत कोण पाहणार, असं मी म्हटलं, तर सगळ्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी फाटकी चोळी घालून लग्नाला गेले होते.

मनकर्णाला विचारलं. ती चुलीपुढे होती. सव्वीस वर्षांची, उंच, कमी बोलणारी. पदर सावरत म्हणाली, "तुमी म्हनान तसं, आत्याबाई."

ती हे सगळ्यालाच म्हणायची. पाट ठरला तेव्हाही हेच म्हणाली. आम्ही सगळेही तसंच बोलत होतो. पोरीची सोय झाली, म्हातारपणी आधार होईल, माणूस सरकारी नोकरीतला आहे. घराला कौलं घालावीत, तसं बोलणं.

चौथ्या दिवशी गुणाबाईंनी उंदरांची परीक्षा घेतली.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. जुन्या वायरी उंदरांनी खाल्ल्या. तर नव्या घेताना उंदरांना विचारलं पाहिजे. तिन्ही तुकडे त्यांनी धानाच्या ढोलीत ठेवले आणि झाकण थोडं उघडं ठेवलं. सकाळी मुखरू आणि मी हजर. काळी जशीच्या तशी. पिवळीची वीण एका बाजूने कुरतडलेली. तांबडी ढोलीतून गायबच.

"तांबडी पोराइले पाळना बांधाले नेली त्याइनं," मुखरू म्हणाला. "तं काय मंग? काळी घ्याची?"

"पिवळी."

"अवो, पिवळी तं खाल्ली!"

"म्हनूनच. ढोलीत मोटा धान अन बारीक धान ठेवला तं उंदीर कोनता खाते? बारीक. भेसळीले तोंड लावत नाई ते. तुह्यापक्षा जास्त समजते त्याइले."

मुखरूने माझ्याकडे पाहिलं. तो पहिल्या दिवसापासून पिवळीच म्हणत होता. एवढं खरं की आता पिवळी ठरली. मे महिन्याचे पाच दिवस मात्र त्यात गेले.

लच्छू पुन्हा नागपूरला गेला.

*

तो परत यायच्या आदल्या दिवशी सोमाजी मास्तर आले. सायकल तट्ट्यांवरून ढकलत आणली होती, धोतर रेतीने भरलेलं. गुणाबाईंनी त्यांना ओट्यावर बसवलं आणि कुरतडलेला पिवळा तुकडा आणि काळा तुकडा त्यांच्यापुढे ठेवला. ठरलेलं असूनही ठेवला.

"तुमी शिकलेले. सांगा, कोनती?"

मास्तरांनी चष्मा पुसला. दोन्ही तुकडे मुलांच्या वह्या तपासाव्यात तसे लक्षपूर्वक पाहिले. "दोन्हींचे आपापले गुण आहेत," ते म्हणाले.

"पाहा!" गुणाबाई मुखरूवर उलटल्या. "मास्तराइलेही समजून नाई राह्यलं, अन तू म्हनते घाई करा."

मास्तर खाकरले. "सात तारखेला तट्टे उचलतात."

"मालूम हाये."

"आई विचारत होती."

"काय इचारत होती?"

मास्तरांनी आधी मनकर्णा आत होती त्या दाराकडे पाहिलं, मग टोपी काढली, मग पुन्हा घातली. "वायरी आल्या का म्हणून."

मनकर्णाने पन्हं आणून ठेवलं. मास्तर ते प्याले, "बराय" म्हणाले, सायकलवर बसले आणि गेले. अठरा कोस ये-जा करून माणूस एवढंच बोलला. गुणाबाई आत गेल्या. मनकर्णा खराटा घेऊन अंगणाच्या टोकाला, जिथून नदीकडचा रस्ता दिसतो तिथे झाडू लागली. वीतभर जागा. ती जागा तिने इतका वेळ झाडली की खालची माती वर आली. सायकल आंब्याच्या झाडांआड गेल्यावर थांबली.

मी कुडातून पाहिलं. गुणाबाईंना सांगितलं नाही. पंचेचाळीस वर्षांची झाले, भाकरी थापण्यापासून तार वाचण्यापर्यंत सगळं आपलं आपण शिकले. पण असली गोष्ट कोणाला कोणत्या शब्दांत सांगतात, ते काही मला येत नव्हतं.

संध्याकाळी गुणाबाईच माझ्याकडे आल्या. लसूण सोलायला घेतला आणि एक पाकळी सोलायला पाऊण तास लावला.

"कमळे, तिनं एकडावही म्हनलं नाई."

"काय?"

"जातो म्हनून. तुमी म्हनान तसं, म्हनते. मी म्हनलं म्हनून उठून जाईन, अन तिथं जाऊन रडन. मंग?"

"मंग इचारा ना तिले."

"असं इचारते काय सासू? तुले पुरुष पायजे का म्हनून?" त्या लाजल्या. साठीची बाई, लसणाच्या पाकळीकडे बघून लाजली. "तूच इचार."

"मी?" म्हणून मी उठले आणि चुलीतलं लाकूड मागे ओढलं, जे जिथल्या तिथे बरं होतं.

दुसऱ्या दिवशी ते विचारायचं काम मी मुखरूवर ढकललं. तो म्हणाला, "माह्याजवळ गाडीचं काम हाये, बाई. गुनाबाईले धाडाची नाई सून, हे मलेही दिसून राह्यलं. पन ते सांगनं मिस्त्रीच्या मजुरीत नाई येत."

*

एक जूनला पिवळी वायर आली. चांगली लांब, भेंडोळीच.

मनकर्णाने त्या दुपारी कोणी न सांगता जंगलातली लाख आणली, स्पिरिटात भिजवली आणि वायरीच्या विणीवर कापसाच्या बोळ्याने तिचा हात दिला. उंदराच्या दाताला ती कडू लागते म्हणून. तिचं काम संध्याकाळच्या आत झालं. दोन तारखेला वायर सुकली होती. मुखरू तिच्याकडे बघत राहिला. "पोरी, नागपूरच्या दुकानातही अशी चकाकी नाई पाह्यली मी."

आता कापायची. कापण्यात दोन दिवस गेले.

"आखूड कापली तं इंजिन हाललं का निंगून येईन," मुखरू म्हणाला. "लांब कापली तं धुराच्या पाइपावर पडन अन जळन. मापात पायजे."

"एक वीत जास्ती राहू दे," गुणाबाई म्हणाल्या.

"जळन."

"अर्धी वीत."

"बाई, हा पोराचा झगा नोहे, वाढत्या अंगाचा!"

शेवटी गुणाबाईंनी स्वतः लुगड्याच्या किनारीची दोरी घेऊन प्रत्येक प्लगाचं माप काढलं. चार दोऱ्यांना चार वेगवेगळ्या गाठी मारल्या. त्यांतल्या दोन दोऱ्या वाळत घातलेल्या वड्यांवर विसरल्या, आणि सोनीबाईची बकरी त्या खाऊन गेली. पुन्हा माप.

चार तारखेला वायरी बसल्या. मुखरूने हँडल मारलं.

मला मोटरीतलं काही कळत नाही. पण त्या दिवशी जे इंजिन सुरू झालं, ते माणसाने पोट भरून जेवून लवंडल्यावर घोरावं तसं, एका लयीत. मुखरूचे डोळे भरून आले. सोनीबाईने बोनेटाला हात जोडले. मनकर्णा दारात उभी होती, ती एक पायरी खाली उतरली.

गुणाबाईंनी कान टवकारला. "चौथ्याचा आवाज बारीक येते."

"कुठी?"

"मले येते ऐकू. उतरव."

मुखरूने वायरी उतरवल्या, उलट्या तपासल्या, पुन्हा बसवल्या. पाच तारखेला आवाज जाड येत होता. पुन्हा उतरवल्या. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही तरी जाऊन गुणाबाईंशी बोला. तो म्हणाला, कशाबद्दल? मी म्हटलं, वायरींबद्दल. तो म्हणाला, मला वायरींतलं काय कळतं, आणि कूस बदलून झोपला. वायरींबद्दल बोलायला मीही सांगितलंच होतं.

सहा तारीख उजाडली. उद्या सकाळी तट्टे उचलणार. मास्तरांना निरोप गेला होता: सहाला दुपारी निघू, तुम्ही पलीकडच्या तीरावर या. म्हणजे मास्तर त्या वेळी रेतीत छत्री धरून उभे असणार. मनकर्णाची ट्रंक शिटेच्या मागे बांधलेली होती. दोनच शिटा, एक मुखरूची, एक तिची. गुणाबाईंना निरोप द्यायचा तो दारातूनच.

गल्ली जमली होती. हार्न वाजला तर डोळे मिटायचे की नाही, यावर सवाष्णींत चर्चा चालली होती. बहुतेकींचा विचार एक डोळा मिटायचा होता. नानाजीही आले होते, हात मागे बांधून.

मुखरूने इंजिन सुरू केलं आणि पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी बोनेटाच्या कडेवर ठेवली. थेंब सांडला नाही.

"आता बोला, बाई."

गुणाबाई मोटरीभोवती एक फेरी मारून आल्या. वाकल्या. सरळ झाल्या. "हादरते."

"वाटीतलं पानी हालून नाई राह्यलं!"

"आतून हादरते. वायरी बराबर नाई. उतरव."

मुखरूने हातातला पाना खाली ठेवला. त्याने पाना रागाने ठेवलेला मी कधी पाहिला नव्हता. "मी नाई उतरवत. तिसरी बार झाली. आता निंगालो नाई तं नदीत उजेड राहनार नाई."

नानाजी पुढे आले. त्यांचा सूर एकदम मऊ झाला होता. "वयनी, काऊन जीव काढता त्या मोटरीचा? माही बंडी जुपतो. दिवस बुडाला का मागच्या दारानं काढू, पहाटे नदीपार. कोनाले दिसन नाई, तुमच्या मनाले तरास नाई. रीतीनं होऊन जाईन."

"मागच्या दारानं नाई."

"मंग कसं?"

गुणाबाईंनी मोटरीच्या लाल पत्र्यावरून पदराने धूळ पुसली. धूळ नव्हतीच. "औंदा राहू द्या," त्या म्हणाल्या. "घाई कोनाले हाये? दिवाळीनंतर पाहू. तवरक चांगल्या वायरी भेटन."

इंजिन मात्र चालूच होतं. मुखरूने पान्याकडे पाहिलं. मी सोनीबाईकडे पाहिलं, सोनीबाईने बकरीकडे. दिवाळीनंतर आरमोरीची भाची मास्तरांच्या घरी पाणी भरत असेल, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, बहुधा बकरीलासुद्धा. आणि आम्ही सगळे कान देऊन चार प्लगांचा आवाज ऐकत होतो, जणू त्यात खरंच काही कमी निघणार होतं.

मनकर्णा पायऱ्या उतरली. हिरवं नवं लुगडं नेसलेली, पण निघायच्या वेळेपर्यंत भांडी घासत होती, त्यामुळे हाताला राख होती. ती गर्दीतून सरळ मोटरीपर्यंत आली. नानाजींसमोर तिने आजवर तोंड उघडलं नव्हतं; घरात आले की भिंतीकडे तोंड करून बसायची. आता त्यांच्या बाजूने गेली आणि पदर डोक्यावरून मागे पडला, तरी सावरला नाही.

"वायरी चांगल्या हायेत, आत्याबाई."

"तुले काय समजते वायरीतलं?"

"वायरीतलं नाई समजत." तिचा आवाज इंजिनावरून ऐकू येईल इतका मोठा होता. "मले जायाचं हाये. तुमाले माह्याबिगर करमनार नाई, मले मालूम हाये. मलेही लई दिवस करमनार नाई. पन मले मास्तर आवडते, अन मले जायाचं हाये."